फुलं नसताना फक्त पानांवरून झाड कसं ओळखायचं? (वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगड पायथा)

हिरवी_वही:

वेताळ टेकडी, तळजाई आणि सिंहगडाचा पायथा या पुणे परिसरातल्या तीन ठिकाणच्या झाडांची यादी करायला घेतली आहे. फुलं किंवा शेंगा असल्या की नाव सापडतं. अडचण आत्ता पावसाळ्यात येते. सगळं हिरवंगार आणि हातात फक्त पानं. मोबाइलचं ॲप एकाच झाडाच्या दोन फोटोंना दोन नावं देतं. अडतं ते नेमकं इथे:

१. पान कुठे संपतं आणि पर्णिका (एकाच पानातलं एकेक छोटं पातं) कुठे सुरू होते? कडुनिंबाचं 'एक पान' म्हणजे काय धरायचं?
२. तीन-तीन पानांची झाडं: बेल, पळस, पांगारा, वायवर्णा. फूल नसलं की चारही सारखीच वाटतात.
३. बारीक पानांची: गुलमोहर, नीलमोहर, सोनमोहर, शिरीष, पर्जन्यवृक्ष.
४. वर्णनात 'अंडाकृती', 'भालाकृती', 'हृदयाकृती' असं लिहून ठेवते, पण त्यावरून झाड काही ठरत नाही. मग लिहायचं काय?

फोटो कशाकशाचे काढावेत तेही सांगा, म्हणजे घरी आल्यावर 'अरे, हे बघायचं राहिलं' असं होणार नाही.

बगलकळी:

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची किल्ली तिथेच आहे. पानाचा आकार सगळ्यात शेवटी बघायचा. आंबा, आसुपालव, कण्हेर आणि निलगिरी ही चारही झाडं 'भालाकृती'त बसतात आणि चौघांची कुळं वेगळी आहेत. शिवाय आकार बदलतो. त्याच झाडावर सावलीतलं पान उन्हातल्यापेक्षा मोठं आणि पातळ असतं, आणि तोडलेल्या बुंध्यातून आलेल्या धुमाऱ्यांची पानं तर ओळखू येणार नाहीत इतकी मोठी होतात. पान फांदीला कसं जोडलंय हे मात्र सहसा बदलत नाही. म्हणून नजर आधी देठाच्या बुडाशी.

फांदीवर पान जिथून निघतं तो सांधा म्हणजे पेर. हातभर लांबीचा, शक्यतो सरळ वर वाढणारा शेंडा निवडा आणि निदान चार पेरं बघा. आडवी फांदी टाळा. आडव्या फांदीवर पानं उन्हाकडे तोंड करण्यासाठी देठ पिळून घेतात आणि सगळी एकाच पातळीत येतात. पेरूची आडवी फांदी बघा, जोड्या एकीवर एक काटकोनात असतात हे कळतच नाही. त्यामुळे पातं कुठे वळलंय याकडे लक्ष न देता देठ फांदीला कुठे टेकतो तेवढंच बघा. पानं गळली असतील तर देठाचे वण बघा, ते खोटं बोलत नाहीत.

एका पेरावर एकच पान असेल तर मांडणी एकाआड एक. दोन असतील तर समोरासमोर. तीन किंवा जास्त असतील तर वलयाकार. एवढ्या एका नोंदीने यादी झपाट्याने लहान होते, कारण आपल्याकडच्या झाडांत समोरासमोरवाली कमी आहेत: साग, जांभूळ, पेरू, पारिजातक, काळा आणि पांढरा कुडा, कदंब, कळंब, चंदन, निर्गुडी आणि झुडपांत रुई, घाणेरी. समोरासमोर पानं दिसली की दोन देठांच्या मधल्या जागेत भिंगाने बघा. तिथे फांदीला चिकटलेलं त्रिकोणी उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं छोटं अंग) असेल तर कदंब-कळंबाचं कुळ. हे उपपर्ण कोवळ्या शेंड्यावरच शोधा, जून पेरावर ते गळून नुसती रेघ उरते.

एकाआड एक मध्येही दोन तऱ्हा आहेत. सीताफळ आणि आसुपालव यांची पानं फांदीच्या दोनच बाजूंना, दोन रांगांत येतात. जास्वंदीची पानं फांदीभोवती चक्राकार चढतात. मोजायचं असेल तर एका पानाच्या देठाला दोरा बांधा आणि वरच्या पानापानाला टेकवत दोरा फिरवत न्या. जास्वंदीत बरोबर वर येणारं पान (दोरा बांधलेलं सोडून मोजलं तर) पाचवं असतं आणि तोवर दोऱ्याचे दोन वेढे होतात, म्हणून २/५. झाडांसाठी एवढं मोजण्याची गरज क्वचितच पडते. गवतात मात्र हे फार उपयोगी आहे. खऱ्या गवताची पानं दोन रांगांत, लव्हाळ्याची तीन रांगांत. लव्हाळ्याची फुलोऱ्याची काडी बोटांत फिरवली की तिच्या तीन कडा लागतात.

आता पहिला प्रश्न. पानाच्या बगलेत, म्हणजे देठ आणि फांदी यांच्या कोनात, कळी असते. पर्णिकेच्या बगलेत कळी नसते. कडुनिंबाची एक हिरवी काडी घ्या, तिच्यावरच्या एकेका पात्याचं बूड बघा. कळी नाही. मग काडी फांदीला जिथे चिकटते तिथे बघा. कळी आहे. म्हणजे ती पूर्ण काडी, तिच्यावरच्या साधारण ९ ते १५ पात्यांसकट, एक संयुक्त पान. दुसरी खूण काडीच्या टोकाला. संयुक्त पानाच्या टोकाला वाढता शेंडा कधीच नसतो, एक तर पर्णिका असते, नाहीतर काडी तिथेच संपते. फांदीच्या टोकाला मात्र कोवळी मिटलेली पानं किंवा कळी असते.

हे एकदा डोळ्यात बसलं की सावर आणि सप्तपर्णीचा गोंधळ आपोआप मिटतो. सावरीच्या एका लांब देठाच्या टोकावर ५ ते ७ पर्णिका पंजासारख्या असतात. ते एकच पान, आणि अशी पानं फांदीवर एकाआड एक. सप्तपर्णीत त्या पंजाला सामाईक देठच नाही. ४ ते ७, कधी जास्तही, साधी पानं थेट पेरावर वलयात बसलेली असतात आणि त्या वलयाच्या मधून फांदी पुढे वाढते. देठ मोडला की सप्तपर्णीतून पांढरा चीक येतो, सावरीतून येत नाही.

फोटो निदान सहा हवेत: पूर्ण झाड, चार पेरं दिसतील असा शेंडा, एक पूर्ण पान वरून, शेजारी सेंटिमीटरची पट्टी, तेच पान खालून, देठाच्या बगलेचा अगदी जवळून, आणि साल. ॲप चुकतं त्याचं मोठं कारण त्याला आपण फक्त पात्याचा वरून काढलेला फोटो देतो. त्यात पेर नाही, उपपर्ण नाही, संयुक्त पान असेल तर ते पूर्णसुद्धा नाही.

टेकडी_उतार:

वरचं सगळं बरोबर. मी दुसरा आणि तिसरा प्रश्न घेतो.

तीन पर्णिकांची झाडं. आधी काटे. बेलाला बगलेत सरळ, टोकदार काटे असतात, अनेकदा २-३ सेंटिमीटरचे. पान उजेडाकडे धरा, पात्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबू, कढीपत्ता, बेल हे एकाच कुळातले आणि तिघांतही ठिपके सापडतात. पान चुरगळून वास घ्या म्हणजे शंका उरत नाही. वायवर्ण्याला काटे नाहीत, ठिपके नाहीत. त्याचा देठ लांब असतो, पर्णिका पातळ आणि खालून फिकट, आणि कोवळ्या फांद्यांवर पांढरे ठिपके उठून दिसतात. 'बेलासारखं पण बिनकाट्याचं' झाड दिसलं की आधी वायवर्णा तपासा. जुन्या बेलाच्या काही फांद्यांना काटे नसतात, म्हणून ठिपके बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

पळसाचं पान जाड, चामड्यासारखं. पत्रावळी त्याच्याच लावतात, आणि तो टिकाऊपणा हाताला लगेच कळतो. मधली पर्णिका बाजूच्या दोघींपासून दूर, लांब दांडीवर, टोकाकडे रुंद आणि गोलसर. बाजूच्या दोघी तिरक्या, म्हणजे मध्यशिरेच्या दोन बाजू असमान. पांगाऱ्याचं पान पातळ, मधली पर्णिका तळाशीच सर्वांत रुंद, जवळपास त्रिकोणी. पर्णिकांच्या बुडाशी भिंगाने बारीक गोल ग्रंथी दिसतात. आणि पांगाऱ्याच्या फांद्यांवर सालीतून आलेले आखूड काटे असतात, पळसाला काटा नाहीच.

पावसाळ्यात टेकडीवर तीन पर्णिकांचा वेल दिसला तर हात लावण्याआधी शेंगा शोधा. खाजकुइलीची पानं वालासारखीच, तीन पर्णिकांची असतात आणि शेंगांवरची तपकिरी लव अंगाला लागली की भयंकर खाज सुटते. पावसाळा संपता संपता शेंगा धरतात, वाळल्या की लव वाऱ्यानेही उडते.

बारीक पानांच्या झाडांत पहिली गाळणी पुन्हा मांडणीचीच. नीलमोहराची पानं समोरासमोर. गुलमोहर, सोनमोहर, शिरीष, पर्जन्यवृक्ष या सगळ्यांची एकाआड एक. त्यामुळे रस्त्याकडेचं झाड कितीही उंच असलं तरी खालची एक फांदी दिसली की नीलमोहर वेगळा काढता येतो. त्याच्या पर्णिका टोकाला अणकुचीदार असतात, गुलमोहराच्या बोथट.

गुलमोहराची आणखी एक खूण फार सुंदर आहे आणि सहसा कोणी बघत नाही. कोवळ्या पानाच्या देठाच्या बुडाशी दोन उपपर्णं असतात आणि ती स्वतःच लहानशा पिसासारखी विभागलेली असतात. सोनमोहराच्या कोवळ्या शेंड्यांवर गंजासारखी तांबूस मखमल असते, पर्णिका गुलमोहरापेक्षा मोठ्या आणि टोकाला किंचित खाच. शिरीष आणि पर्जन्यवृक्ष यांच्या देठावर बशीसारखी ग्रंथी असते. दोघांत फरक पर्णिकेचा: पर्जन्यवृक्षाची पर्णिका चौकटच्या पत्त्यासारखी तिरकी, मध्यशीर कर्णासारखी जाते आणि टोकाकडच्या पर्णिका सर्वांत मोठ्या. शिरीषाच्या लांबट, बोथट. संध्याकाळी किंवा दाट ढग आले की पर्णिका मिटतात, तेव्हा फोटो काढून उपयोग नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जा.

टेकड्यांवर लागवडीतून आलेला गिरिपुष्प सगळीकडे आहे आणि नवख्यांना तो करंज वाटतो. करंजाच्या पर्णिका ५ ते ९, जाड, तेल लावल्यासारख्या चकचकीत. गिरिपुष्पाच्या ७ ते १७, मऊ, खालून फिकट आणि बरेचदा त्यावर जांभळट डाग. दोन्हींत टोकाला एकटी पर्णिका असते, म्हणून ती मोजून फरक कळत नाही. चिंच आणि सीताअशोकात ती टोकाची नसते, जोडीवरच पान संपतं. ज्याला लोक सर्रास अशोक म्हणतात तो आसुपालव. त्याचं पान साधं, लाटांसारख्या कडेचं. सीताअशोकाचं संयुक्त. एवढ्या एका फरकावर दोन्ही कायमची वेगळी होतात.

आपट्याबद्दलही लिहितो, कारण दसऱ्याला कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून विकल्या जातात आणि विनाकारण दोन्ही झाडं ओरबाडली जातात. दोघांचं पान दुभंगलेलं, एकाआड एक. आपट्याचं पान लहान, लांबी सहसा ५ सेंटिमीटरच्या आत, लांबीपेक्षा रुंदी जास्त, जाडसर आणि खालून राखी. कांचनाचं पान त्याच्या दुप्पट-तिप्पट. पट्टी लावली की काम झालं.

चीक_आणि_ग्रंथी:

दोघांनी न लिहिलेल्या तीन गोष्टी.

चीक. देठाचं टोक जरासं मोडून बघा, पान तोडायची गरज नाही. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, पायर या साऱ्यांत पांढरा चीक, आणि त्यासोबत एक पक्की खूण: शेंड्यावर टोपीसारखं उपपर्ण असतं, ते गळलं की पेराभोवती पूर्ण गोल कडं उरतं. एकाआड एक पान, पांढरा चीक आणि पेरावर कडं, हे तिन्ही जुळलं की वडाच्या घरात आहात. मग पिंपळ आणि पारोसा पिंपळ यांत घोटाळा होत नाही. दोघांची पानं हृदयाकृती, पण पारोशाला पांढरा चीक नाही, कडं नाही आणि पिंपळाची लांब शेपटीही नाही. ती शेपटी कधीकधी पात्याच्या तिसऱ्या भागाइतकी लांब असते. कातळावर उगवलेला पायर पिंपळ दिसला तर देठ आणि शिरांचा गुलाबी-लाल रंग बघा, शेपटीही आखूड.

इथे काळजी घ्या. रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. चीक बघून झाल्यावर डोळ्यांना हात नको, सोबत पाणी ठेवा. बिब्ब्याला तर मोडूच नका. मोठं साधं पान, टोक गोलसर, खालून पांढुरकं, पानं फांदीच्या टोकाकडे दाटीने, असं झाड पश्चिमेकडच्या रानात दिसलं तर लांबूनच फोटो काढा. त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात.

ग्रंथी. अर्जुन आणि ऐन दोघांची पानं जवळपास समोरासमोर, लांबट, आणि दोघांनाही ग्रंथी असतात. अर्जुनात त्या पात्याच्या तळाशी, देठ जिथे संपतो तिथे. ऐनात पान उलटं केल्यावर मध्यशिरेवर, तळाजवळ. साल बघितली की खात्री होते: अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी, ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. टाकळ्यात ग्रंथी पर्णिकांच्या खालच्या जोड्यांमध्ये उभ्या असतात. पर्णिकांच्या तीन जोड्या आणि मध्ये त्या ग्रंथी, एवढ्यावर टाकळा ठरतो.

शिरा. जांभळाच्या पात्यात बाजूच्या शिरा दाट, समांतर, आणि कडेच्या आत एक शीर कडेला समांतर धावते, ती बाकीच्यांना जोडते. उजेडाकडे धरल्यावर स्पष्ट दिसते. स्पर्शही लिहून ठेवा: पारिजातकाचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत आणि फांदी चौकोनी. सागाचं कोवळं पान बोटांत चोळलं तर बोटं लाल होतात.

आणि एक विनंती. रानभाजी म्हणून काही खायचं असेल तर फक्त पानावरून ठरवू नका. ही पद्धत नाव शोधण्यासाठी आहे, ताटात वाढण्यासाठी नाही.

उलटं_पान:

बगलकळी यांनी दिलेला नियम चांगला आहे, पण तो फसतो अशा जागा माहीत असायलाच हव्यात.

आवळा. बारीक काडी, दोन बाजूंना चिंचेसारखी इवलीशी पानं. संयुक्त पान म्हणून कोणीही लिहील. पण ती काडी म्हणजे फांदी आणि प्रत्येक इवलं पातं म्हणजे साधं पान. गंमत अशी की ही काडी संयुक्त पानासारखीच अख्खी गळून पडते, त्यामुळे 'काय गळतं ते बघा' हा सल्ला इथे उलटा पडतो. पुरावा पानाच्या बगलेत: फुलं आणि आवळे त्या इवल्या पानांच्या बगलांतून येतात. पर्णिकेच्या बगलेतून फूल येत नाही. भुईआवळ्यातही हेच. काडी उलटी करा, खाली मोत्यांसारखी फळं ओळीने दिसतील.

दाटलेले शेंडे. मोई, देशी बदाम, बिब्बा यांची पानं फांदीच्या टोकाशी इतकी जवळ येतात की वलय वाटतं. शेंडा सोडा, वीतभर खाली जुन्या फांदीवरचे वण बघा. ते एकेकटे, चढत्या उंचीवर असतील तर मांडणी एकाआड एक.

कण्हेर आणि बिट्टी. दोघींची पानं लांब, अरुंद, दोघी विषारी, आणि लोक बिट्टीला पिवळी कण्हेर म्हणतात. कण्हेरीत बहुधा तीन-तीन पानांची वलयं, बिट्टीत एकाआड एक. लांबूनही कळतं.

निलगिरी. रोपावर आणि नव्या धुमाऱ्यांवर पानं समोरासमोर, बरेचदा देठाशिवाय, रुंद. मोठ्या झाडावर एकाआड एक, देठदार, कोयत्यासारखी वाकडी. एकाच बुंध्यावर दोन्ही दिसतील, म्हणून नोंदीत 'धुमारा' की 'जून फांदी' हे लिहा. ऑस्ट्रेलियन बाभळीत तर जे पान दिसतं ते पातंच नाही, पसरट झालेला देठ आहे. म्हणून त्यात शिरा समांतर धावतात. नुकत्या उगवलेल्या रोपावर खरी पिसासारखी पानं बघायला मिळतात.

झाडोऱ्याखालच्या रोपांतही मांडणी कामी येते. पावसाळ्यात उतारांवर माजलेलं गाजर गवत आणि रस्त्याकडेचा पिवळा-केशरी कॉसमॉस, दोघांची पानं चिरलेली. फूल येण्याआधी उपटायचं असेल तर खोड बघा: गाजर गवतात पानं एकाआड एक, कॉसमॉसमध्ये समोरासमोर. गाजर गवताची भारतातली नोंद १९५५ साली पुण्यातूनच झाली होती. उपटताना हातमोजे हवेत, त्याने कातडीला ॲलर्जी होते.

हिरवी_वही:

सगळं छापून वहीत चिकटवलं. आता एक झाड या पद्धतीने लिहिते, बघा बरोबर लिहिलंय का. सिंहगडाचा पायथा, मध्यम उंचीचं झाड. मांडणी एकाआड एक, पानं टोकाकडे दाट (वण बघितले, एकेकटे आहेत). संयुक्त, टोकाला एकटी पर्णिका, एकूण १५ पर्णिका. चीक पांढरा नाही, चुरगळल्यावर राळेसारखा वास. साल करडी, जाड खपल्यांची. पानांच्या पृष्ठभागावर वाटाण्याएवढी हिरवी गोल फळं. मी 'मोई' असं लिहिलं होतं, पण फळांबद्दल खात्री नाही.

टेकडी_उतार:

नोंद चांगली आहे, एकच गोष्ट राहिली: पर्णिकेची कडा. मोईची कडा अखंड असते आणि पर्णिका कमी, साधारण ७ ते ११. तुमच्या १५ आहेत. कडा दातेरी असेल तर मोई नाही. मग उरतात काकड आणि सलई, दोघांतही राळेचा वास. सलईची साल पातळ कागदासारखी सुटते. तुम्ही जाड खपल्या लिहिल्यात.

हिरवी_वही:

फोटो मोठा करून बघितला. कडेला बोथट, गोलसर दाते आहेत.

टेकडी_उतार:

म्हणजे काकड. आणखी एक खूण कोवळ्या पानावर बघा: पर्णिकांची सर्वांत खालची जोडी बाकीच्यांपेक्षा खूपच लहान, उपपर्णासारखी दिसते. ती लवकर गळते, म्हणून जून पानावर शोधू नका. सापडली नाही म्हणून काकड खोडूही नका.

चीक_आणि_ग्रंथी:

ती हिरवी गोल 'फळं' फळं नाहीत. फळ पानाच्या पात्यावर येत नाही, फांदीवर किंवा फुलोऱ्याच्या दांडीवर येतं. काकडाची खरी फळंही गोल आणि हिरवट-पिवळी असतात, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. पात्यावरचे गोळे म्हणजे किडीने केलेल्या गाठी. एक गाठ ब्लेडने आडवी कापा. आत बी नसेल, पोकळी असेल आणि तिच्यात बारीक पिल्लं किंवा त्यांची कात सापडेल. पात्याच्या आरपार गाठ दिसते का तेही बघा.

या गाठी नोंदीतून काढू नका. गाठ करणारी कीड सहसा ठरावीक झाडावरच येते, त्यामुळे काकडावर त्या इतक्या नेहमी दिसतात की लांबून झाड ओळखायलाच त्यांचा उपयोग होतो. सप्तपर्णी आणि करंजाच्या पानांवरही गाठी येतात, पण त्यांचं रूप वेगळं. फक्त पानाचा आकार मोजायचा असेल तेव्हा बिनगाठीचं पान घ्या, गाठीने पातं वाकडं होतं.

बगलकळी:

खात्रीसाठी वाळवलेल्या नमुन्याशी ताडून बघायचं असेल तर पुण्यात दोन मोठे नमुनासंग्रह आहेत: भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था. आधी लिहून परवानगी घ्या आणि वर सांगितलेले सहा फोटो सोबत न्या. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे, तिथली फांदी तोडू नका. वाऱ्याने पडलेली डहाळी मिळाली तर घ्या, सुटं पान नको, त्यावर मांडणी उरत नाही.

डहाळी वर्तमानपत्रात दाबताना निदान एक पान उलटं ठेवा, म्हणजे खालची बाजूही दिसेल. नमुन्याचा कागद साधारण २८ × ४२ सेंटिमीटरचा असतो, काकडाचं पान त्यात सरळ मावलं नाही तर इंग्रजी व्ही अक्षरासारखं दुमडा, कापू नका. पर्णिका गळू नयेत म्हणून पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला, आणि या हवेत तर दिवसातून दोनदा. ओला कागद राहिला की तिसऱ्या दिवशी बुरशी धरते आणि बगलेतली कळी आधी काळी पडते.